दोन आटे आणि भरवशाचा प्रश्न

फेब्रुवारीतल्या एका दुपारी शहागडहून वडीगोद्रीकडे येताना मामाची मारुती ८०० महामार्गावर बंद पडली. आधी निळसर धूर, मग पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज, मग काहीच नाही. मागून उसाने भरलेला ट्रक येत होता. त्याच्या ड्रायव्हरने वेळेत गाडी बाजूला काढली, म्हणून हा लेख इंजिनाविषयी लिहिता येतोय. गाडी माझा मामेभाऊ चालवत होता. मागे मामी बसली होती. मी पुण्यात ऑफिसात होतो, एका मीटिंगमध्ये. आणि तरीही जे झालं त्याला सगळ्यांत जास्त जबाबदार मीच होतो, असं मला आज वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं. तेव्हाचं आणि आजचं यात जे अंतर पडलं, त्याविषयी हा लेख आहे.

माझं आजोळ अंतरवाली सराटी. अंबड तालुका, जिल्हा जालना. २०२३ पर्यंत हे नाव सांगितलं की पुण्यात लोक "कुठे आलं हे?" असं विचारायचे. २९ ऑगस्ट २०२३ ला मनोज जरांगे पाटील तिथे उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि त्यानंतर मला कुणालाच गावाचा पत्ता सांगावा लागला नाही. त्या आंदोलनाबद्दल इथे लिहायचं नाही. पण एक आठवण विषयाला धरून आहे म्हणून सांगतो. १४ ऑक्टोबरच्या सभेला किती लोक आले याचे आकडे सगळ्यांनी आपापल्या परीने मोजले. मामीच्या चुलीवर त्या आठवड्यात किती भाकरी झाल्या, ते कुणी मोजलं नाही. गाव होतं लहान, भार आला मोठा, आणि तो पेलला गेला तो जिथे कॅमेरा पोचत नाही अशा जागी. भार दिसतो, तो पेलणारी वस्तू बहुधा दिसत नाही. इंजिनाचंही असंच असतं, हे मला नंतर कळलं.

मी पदवीने मेकॅनिकल इंजिनिअर आणि पोटापाण्याने सॉफ्टवेअरवाला. मराठवाड्यातून निघालेल्या माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची हीच कथा आहे. चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स शिकलो आणि आता कुठल्या तरी परदेशी कंपनीच्या बिलिंगचा कोड लिहितो. हात काळे करायची हौस राहून गेलेली. मामेभाऊ माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान; स्पर्धा परीक्षांचे दोन प्रयत्न झालेले, तिसरा माझ्याच आग्रहावरून चाललेला. त्याने एकदा विचारलं, "दादा, आपल्या आठशेला टर्बो बसंल का?" आणि मी क्षणभरही विचार न करता म्हणालो, "का नाही बसणार?"

*

बसतो. टर्बो बसवणं हा त्यातला सगळ्यांत सोपा भाग आहे.

मारुती ८०० चं इंजिन म्हणजे तीन सिलिंडर, ७९६ सीसी, ताकद ३७ अश्वशक्तीच्या आसपास. इंजिन किती ताकद देणार हे शेवटी ते किती हवा आत घेतं यावर ठरतं. पेट्रोल काय, हवेच्या हिशेबात सोडता येतं. साधं इंजिन हवा ओढून घेतं. टर्बोचार्जर ती ढकलून आत भरतो, आणि त्यासाठी लागणारी शक्ती घेतो ती सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूंतून. एका दांड्याच्या एका टोकाला त्या वायूंनी फिरणारं चक्र, दुसऱ्या टोकाला हवा दाबणारं चक्र. दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. सव्वाशे वर्षं होत आली, तरी फुकटात ताकद मिळते असं वाटायला लावणारी याच्याइतकी दुसरी वस्तू नाही.

फुकट काही नसतं हे पहिल्या वर्षीच शिकवलेलं असतं. ४० अंशांच्या हवेवर अर्धा बार जादा दाब दिला की ती छोट्या टर्बोतून बाहेर पडताना शंभर अंशांच्या घरात जाते. अशी गरम आणि दाटलेली हवा सिलिंडरमध्ये पुन्हा दाबली, की ठिणगीपासून सुरू झालेली ज्वाला शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत तो कोपरा आपोआप पेटतो. हेच नॉकिंग. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि ज्वलनाचं तापमान दोन हजारांच्या वर जातं. तरी पिस्टन वाचतो, कारण त्याच्या पृष्ठभागाला वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर चिकटून असतो. नॉकिंगचे धक्के तो थर खरवडून काढतात. मग पिस्टन उघडा पडतो.

पहिल्या वेळी आम्ही काय केलं? एका डिझेल गाडीतून निघालेला जुना छोटा टर्बो आणला. वडीगोद्रीच्या मिस्त्रींनी मॅनिफोल्ड वेल्डिंग करून दिला. मी नवा इसीयू बसवला, लॅपटॉप जोडला, इंधनाचा नकाशा लिहिला. त्या नकाशाचा मला भलता अभिमान होता. इंजिन मात्र आतून जसंच्या तसं ठेवलं. मिस्त्री तेव्हाच म्हणाले होते, "साहेब, वरून हवा भरताय, पण खालचं काम तर काहीच नाही केलं." मी म्हणालो, "आपण दाबच कमी ठेवतोय. काही होत नाही."

'काही होत नाही' हे वाक्य मी त्या महिन्यात किमान दहा वेळा म्हटलं असेल. मामीलासुद्धा.

टर्बोच्या बाजूला एक झडप असते, वेस्टगेट. दाब ठरलेल्या मर्यादेपर्यंत आला की एक स्प्रिंग दबते, दांडी सरकते, झडप उघडते आणि जादा वायू चक्राला वळसा घालून निघून जातो. मी डिझेलची कडक स्प्रिंग काढून हलकी बसवली होती आणि दाब ०.३५ बारवर ठेवला होता. त्या दांडीला आटे असतात. दांडी आखूड केली की स्प्रिंगवर ताण वाढतो आणि झडप उशिरा उघडते. हे मीच मामेभावाला समजावून सांगितलं होतं, उत्साहाने, कागदावर चित्र काढून.

मी पुण्याला गेल्यावर त्याने दांडी दोन आटे आवळली. गाडी आणखी पळाली. तिसऱ्या दिवशी मामीला शहागडला घेऊन गेला, आणि परत येताना वर सांगितलं ते झालं.

*

लॅपटॉपमध्ये त्या प्रवासाची नोंद शिल्लक होती. दाब ०.७ बारपर्यंत गेलेला. इंजेक्टर पूर्ण उघडे, त्यांच्याकडे आणखी पेट्रोल द्यायची सोयच नव्हती. हवा वाढत गेली, पेट्रोल तिथेच थांबलं, मिश्रण पातळ झालं, जास्त तापलं. हेड उतरवल्यावर मधल्या पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड तुटलेली निघाली आणि स्पार्क प्लगवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसले. पुस्तकात असतं तसंच.

माझी पहिली प्रतिक्रिया काय होती ते लपवत नाही. मला हायसं वाटलं. दोष माझ्या नकाशात नव्हता. त्याने आटे आवळले होते. मी त्याला फोनवर भरपूर बोललो. तो ऐकून घेत राहिला आणि शेवटी म्हणाला, "आवळायचं नाही असं तू कुठं सांगितलं होतं, दादा?"

खरं होतं. आवळलं तर दाब वाढतो एवढं मी सांगितलं होतं. मर्यादा का ठेवली आहे, ती ओलांडली तर सगळ्यांत आधी काय तुटेल, हे सांगितलं नव्हतं. कारण ते सांगायचं तर आतले पिस्टन या कामासाठी बनलेले नाहीत, हेही कबूल करावं लागलं असतं. शिवाय दाब अमुकच्या वर गेला की इंधन तोडून टाकायची सोय इसीयूमध्ये होती. मी ती लावली नव्हती. कोड लिहिताना वापरणाऱ्याने नको तो आकडा टाकला आणि यंत्रणा कोसळली, तर आम्ही वापरणाऱ्याला दोष देत नाही. तो आकडा तपासला का नाही, असं लिहिणाऱ्याला विचारतात. ऑफिसात रोज पाळत असलेला नियम मी गावी जाताना पुण्यातच ठेवून गेलो होतो.

दिवाणखान्यात मामी काही बोलली नव्हती. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "मला वाटलं, तू केलंय म्हणजे बराबर असंल."

या वाक्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. मामीला वेस्टगेट माहीत नाही, पिस्टन माहीत नाही. ती गाडीत बसली ती गाडीवर विश्वास ठेवून नाही, माझ्यावर विश्वास ठेवून. आपण म्हणतो, अमुक इंजिन भरवशाचं आहे. जणू भरवसा हा वजन किंवा लांबीसारखा इंजिनाचा गुण आहे. पण इंजिन कुणाला शब्द देत नाही. शब्द देतो तो बांधणारा, आणि देतो अशा माणसाला, जो ते कधीही उघडून बघणार नाही. ताकद कुणालाही ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून तपासता येते. भरवसा असा तपासता येत नाही. तो मोडतो तेव्हाच कळतो.

*

मग आम्ही दुसऱ्यांदा बांधायला घेतलं. यावेळी खालून.

जालन्याच्या भंगारातून त्याच जातीचं दुसरं इंजिन आणलं. पूर्ण खोललं. क्रँक आणि कनेक्टिंग रॉड रंगद्रव लावून चिरांसाठी तपासले. एक रॉड बाद निघाला. त्याची चीर नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हती. बोअर नव्याने केला. फोर्ज्ड पिस्टन मागवले. ओतीव पिस्टन धक्क्याने तडकतो, फोर्ज्ड थोडं सोसतो. त्याच्या डोक्यावर खोलगट वाटी ठेवली, म्हणजे कॉम्प्रेशन पावणेनऊच्या घरातून आठवर येईल. हिशेब केला तेव्हा गंमत वाटली. एका सिलिंडरचं आकारमान २६५ सीसी. ज्वलनाची जागा साधारण ३४ सीसीवरून ३८ सीसी करायची. म्हणजे चहाच्या चमच्यातही मावेल एवढी, चार सीसीच्या आसपास जागा. इंजिन टिकणार की फुटणार, याचा मोठा भाग त्या अर्ध्यामुर्ध्या चमच्यात होता.

पिस्टनच्या रिंगेला एक फट असते. रिंग पूर्ण वर्तुळ नसते; दोन टोकं एकमेकांना न टेकता थांबतात. साध्या इंजिनात या बोअरला पाव मिलिमीटरच्या आसपास कुठेतरी, असं मिस्त्री म्हणायचे. मी हिशेब करून त्यांना ०.२७ हा आकडा दिला. टर्बोसाठी ती ०.४ च्या आसपास लागते. मामेभाऊ फिलर गेज घालून बघत होता. म्हणाला, "दादा, एवढी फट? यातून तर सगळा दम निघून जाईल."

मी सांगितलं, थंड असताना निघतो थोडा. पण रिंग तापली की वाढते. फट नसेल तर टोकं एकमेकांवर आदळतात, रिंगेला जायला जागा उरत नाही आणि ती पिस्टनची कड तोडून बाहेर पडते. जितका जास्त दाब द्यायचा, तितकी जास्त फट आधी सोडायची.

हे बोलता बोलता मी गप्प झालो. त्याची तिसरी परीक्षा तोंडावर होती. सकाळी पाचपासूनचं वेळापत्रक मीच आखून दिलं होतं, आणि गॅरेजमध्ये तो घालवत असलेला वेळ त्यात कुठेच नव्हता. मामा रोज फोनवर म्हणायचा, पोरगं गाडीपायी वाया चाललंय, आणि मी मामाच्या होला हो करायचो. माणूस म्हणजे इंजिन नाही, ही तुलना फार ताणायची नाही. पण एवढं मात्र त्या दिवशी टोचलं, की मी त्याच्याकडून जास्त मागताना एकदाही विचारलं नव्हतं, की बाबा, तुला तापल्यावर सरकायला जागा कुठे आहे?

पुढची कामं भराभर सांगतो. हेडला पत्र्याच्या थरांचं पॅकिंग आणि जाड स्टड. टर्बोला तेलाची स्वतंत्र नळी. तेल जायची नळी बारीक चालते, पण परतीची रुंद आणि सरळ उताराची लागते, कारण ते नुसतं वजनाने खाली येतं; तिला कुठे चढ आला की तेल तुंबतं. मोठे इंजेक्टर, मोठा पंप. हवा थंड करायला इंटरकूलर. दाब वाढेल तशी ठिणगी उशिरा. मिश्रण हवेच्या चौदा-पंधरा भागांऐवजी बारा भागांच्या जवळ. म्हणजे मुद्दाम थोडं पेट्रोल वाया घालवून आतला ताप उतरवायचा. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्याला नॉकिंग कमी होतं, पण तेवढ्याच हवेला ते जास्त लागतं, म्हणून परदेशी व्हिडिओत बघून उतरवलेले आकडे इथे चालत नाहीत.

यादी पूर्ण झाल्यावर लक्षात आलं, की टर्बो सोडला तर यातल्या बहुतेक गोष्टी ताकद वाढवण्यासाठी नाहीत. कॉम्प्रेशन उतरवणं, ठिणगी उशिरा देणं, फट वाढवणं, यातल्या प्रत्येकाने ताकद थोडी कमीच होते. ताकद मिळते काहीतरी जोडून. भरवसा मिळतो काहीतरी सोडून. आणि जे सोडलं ते कुणाला दाखवता येत नाही. बोनेट उघडल्यावर लोक चकचकीत टर्बो बघतात. चमचाभर रिकामी जागा कोण बघणार?

*

आता खरा पेच. बांधून तर झालं. पण ते दोन आटे?

मी ठरवलं होतं, दाबाची मर्यादा इसीयूमध्ये टाकायची आणि पासवर्ड लावायचा. मामेभावाने सरळ विचारलं, "पासवर्ड मला देशील ना? इंजिन माझं आहे. पैसे मी घातलेत, हात मी काळे केलेत."

यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. जॉन स्टुअर्ट मिलच्या 'ऑन लिबर्टी' (१८५९) मध्ये एका पुलाचं उदाहरण आहे. पूल धोक्याचा आहे हे माहीत नसलेला माणूस त्यावर पाय ठेवत असेल आणि सांगायला वेळ नसेल, तर त्याला धरून मागे ओढलं तरी त्याच्या स्वातंत्र्यावर घाला येत नाही. कारण नदीत पडायची त्याची इच्छा नाही. पण पडण्याची खात्री नसून नुसता धोका असेल आणि तो त्याला ठाऊक असेल, तर तो पत्करायचा की नाही हे त्याने ठरवायचं. आपण फक्त सावध करायचं. मला हे नेहमीच पटत आलं आहे. सज्ञान माणसाला त्याच्याच भल्यासाठी कुलूप लावणारे लोक मला आवडत नाहीत.

पण मिलच्या उदाहरणात दोन गोष्टी नाहीत. एक, पुलावर तो माणूस एकटाच आहे. मागच्या सीटवर त्याची आई बसलेली नाही. दुसरी, वाटसरूला अडवणारा तिथे सहज उभा असलेला माणूस आहे. पूल त्याने बांधलेला नाही. पूल मीच बांधला असेल तर? मग 'मी सावध केलं होतं' एवढ्याने माझी सुटका होते का?

१९६२ मध्ये जनरल मोटर्सच्या दोन गाड्या टर्बो घेऊन आल्या, आणि दोघींनी या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं दिली. ओल्ड्समोबिल जेटफायरने कॉम्प्रेशन सव्वादहाच्या आसपास चढंच ठेवलं. नॉकिंग टाळायला पाणी आणि मिथेनॉलचं एक मिश्रण फवारायची सोय केली. त्याची टाकी मालकाने वेळोवेळी भरायची. टाकी रिकामी झाली तर दाब आपोआप कमी व्हायचा, म्हणजे इंजिन वाचायचं. पण लोक भरायला विसरले, गाडी मंद झाली म्हणून वैतागले, आणि पुढे कित्येक गाड्यांवरून टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवला गेला. शेव्हरोले कॉर्वेअर स्पायडरने कॉम्प्रेशन नऊवरून आठवर आणलं, क्रँकसाठी जास्त चिवट पोलाद घेतलं, आणि दाबाची मर्यादा वायू बाहेर पडायच्या वाटेतल्या अडथळ्यानेच बांधून टाकली. मालकाने काही लक्षात ठेवायची गरज उरली नाही. पहिली गाडी माणसाच्या सावधपणावर उभी होती. दुसरी माणूस विसरणारच, हे गृहीत धरून बनवलेली होती.

हे उत्तर शोधायला अमेरिकेला जायचीही गरज नाही. पुण्यात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला बसवलेले स्वयंचलित दरवाजे हा याच विचाराचा नमुना होता. धरण तेच, पण साठा वाढवायचा. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढलं की दरवाजे आपले आपण उघडायचे. पहारेकऱ्याला झोप लागली तरी धरणाला धोका नको. वेस्टगेट म्हणजे तोच दरवाजा, मुठीएवढा. आणि उलट उदाहरणही त्याच खोऱ्यातलं आहे. पानशेतचं काम अपुरं असताना पावसाळ्याचं पाणी साठलं, आणि १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं. त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं आणि पुण्यात पाणी शिरलं. बांधकाम पुरं व्हायच्या आत भार टाकला, तर खालच्या बाजूला राहणाऱ्यांचा काहीही दोष नसताना हिशेब त्यांच्याकडून वसूल होतो. नदीकाठच्या पेठांमधल्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. मामीलाही मी विचारलं नव्हतं.

*

शेवटी आम्ही जे केलं ते असं.

पासवर्ड लावला नाही. पासवर्डने फक्त एवढंच ठरतं की मला कळतं आणि तुला नाही, मी ठरवणार आणि तू विचारणार. त्याऐवजी हवा आत येते त्या नळीत लेथवर कातून घेतलेली एक अरुंद रिंग बसवली. तिच्यातून ठरावीक हवेपेक्षा जास्त हवा जाऊच शकत नाही, मग दांडी कितीही आवळा. दाब ०.४ बारच्या पुढे गेला की इंधन तुटतं, तेही आता लावलं आहे. रिंग पान्याने काढता येते. ती काढायची की नाही हे त्याच्या हातात आहे. पण आता ती काढणारा माणूस वेगळा आहे. रिंगेची फट त्याने स्वतः घासून बसवली आहे, बाद रॉडची चीर त्याने बोटाने चाचपली आहे, तुटलेला जुना पिस्टन त्याच्या टेबलावर पेन ठेवायला आहे. यावेळी त्याला मी काहीही सांगायचं ठेवलेलं नाही. कुलूप लावण्यापेक्षा हे अवघड होतं, कारण कुलूप लावायला माझी चूक कबूल करावी लागली नसती.

आणि दुसरी गोष्ट: मामाच्या गाडीत हे इंजिन बसवलं नाही. तिच्यात जुनंच इंजिन साधे पिस्टन घालून, कंपनीने दिलं होतं तसं करून परत बसवलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. पहिल्या वेळी मला हा कायदा म्हणजे हौशी माणसाच्या पायात घातलेला खोडा वाटला होता. आता वाटतं, रस्त्यावर समोरून येणाऱ्या माणसाने माझ्या हिशेबावर विश्वास ठेवायला कधी होकार दिला होता? ज्याला धोका आहे त्याला विचारता येत नसेल, तर तो धोका माझ्या कुंपणाच्या आतच राहायला हवा. टर्बोचं इंजिन एका भंगारातल्या सांगाड्यात बसवलं आहे. तो मोसंबीच्या बागेकडेच्या आमच्या खाजगी वाटेवर धावतो, पुढे एकच सीट ठेवून.

ताकद किती झाली? इथे मोजायचं यंत्र नाही, म्हणून आकडा सांगत नाही. हिशेबाने पन्नासच्या आसपास असावी. जेवढी निघू शकली असती त्यापेक्षा पुष्कळ कमी. पहिल्या वेळी माझा प्रश्न होता, यातून जास्तीत जास्त किती निघेल. आताचा प्रश्न आहे, किती मागितलं तर ते न मोडता रोज देईल. दोन्ही प्रश्नांची गणितं सारखीच आहेत. फरक इतकाच, की पहिल्या प्रश्नात मी एकटाच असतो.

त्याचा तिसरा प्रयत्नही हुकला. यावेळी मी चौथ्याचा विषय काढला नाही. त्याला काय करायचं आहे ते विचारलं. तो म्हणाला, सांगतो, थोडं थांब. मी थांबलो आहे. ते मला फारसं जमत नाही, पण थांबलो आहे.

दिवाळीत गेलो तेव्हा संध्याकाळी बागेतून टर्बोची बारीक शिट्टी ऐकू येत होती. बंद करायच्या आधी तो मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवतो, दांड्यावरचं तेल करपू नये म्हणून. वहीत तेलाचा दाब लिहितो. मामी अंगणात धान्य पाखडत होती. म्हणाली, "आता तर सगळं नीट केलंय म्हणं तुम्ही. मग मी बसू का त्यात येखाद्या दिशी?"

मागच्या वेळचं उत्तर तोंडाशी आलं होतं.

"नको, मामी," मी म्हणालो. "त्यात नको. तुझी जुनीच बरी." आणि का नको, ते तिच्याजवळ बसून पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.